नारळाच्या मापाचं बाशिंग

माप

रंगरावमामा आत आले तेव्हा त्यांच्या काखेत मिटलेली छत्री होती आणि दोन्ही हातांत छातीशी धरलेला एक नारळ. सोललेला. शेंडी तेवढी ठेवलेली.

अण्णा खाली मान घालून गणपतीच्या मखराला वेल चिकटवत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. गावात त्यांना सगळे बाशिंगवाले अण्णा म्हणायचे, पण श्रावणात बाशिंग कोण मागणार? आषाढी झाली की आमच्या दुकानातली लग्नं संपायची आणि मखरं सुरू व्हायची.

"अण्णा, बाशिंग पायजे."

"आत्ता?" अण्णांनी मान वर केली नाही. "एवढा उतावळा नवरा कुठला म्हणायचा? गुडघ्याला बांधायचंय का?"

मामा हसले नाहीत. त्यांनी नारळ पाटावर ठेवला.

"माप आणलंय."

पाट जरा कलता होता. नारळ घरंगळला. मी हात आडवा घातला आणि तो माझ्या तळव्यात येऊन थांबला. शेंडी मनगटाला लागली.

अण्णांनी तेव्हा वर बघितलं. आधी मामांकडं, मग नारळाकडं, मग माझ्या हाताकडं. खळीची वाटी त्यांनी खाली ठेवली.

"रंगराव, तुमी हाय हे बगितलं न्हाई मी. जीभ झडो माझी."

"तुमाला काय ठावं. आज सकाळीच ठरलं. भटजी म्हणले, आता वाट बगून उपेग न्हाई, नदीनं द्यायचा असता तर दिला असता. पळसाच्या पानांचा करायचा. अंग पानांचं, डोकं नारळाचं. त्यालाच अग्नी द्यायचा."

"आन् बाशिंग..."

"बिनलग्नाचा गेला न्हवं श्रीपती. त्याची आई, आमची आक्का, ऐकंना. म्हणती, असाच धाडला तर पोरगं नदीकाठानं हिंडत बसंल. आधी रुईसंगट लगीन लावा, मग अग्नी द्या. तवा दोन पायजेत. एक नवऱ्याचं. एक..." मामांनी छत्री दुसऱ्या काखेत घेतली. "एक रुईचं."

मी अजून नारळ सोडला नव्हता.

"पोरी," मामा म्हणाले, "ठेव खाली त्ये."

साल

भेंड तळ्यात उगवतं. बाहेरून काळपट, काठीसारखं, सरपणात टाकावं असं. साल काढली की आत पांढरंशुभ्र आणि हातात धरलं तरी धरल्यासारखं वाटू नये इतकं हलकं. सुरी आडवी टेकवून कांडं फिरवत गेलं की पापुद्रा निघतो, कागदाहून पातळ. त्या पापुद्र्याचा मोगरा होतो, शेवंती होते, कमळ होतं. एक झाड सोलून त्यातून दुसऱ्या झाडांची फुलं काढायची, हा आमचा पिढ्यांचा धंदा.

खरी फुलं दुपारीच मान टाकतात. बाशिंगावरची टाकत नाहीत. लग्न झालं की ते देव्हाऱ्याशेजारी टांगायचं. नवरा-बायको म्हातारी होतात, बाशिंग तिथंच असतं.

एकदा एक गिऱ्हाईक सहज म्हणालं, "खोटी फुलं असून काय हुबेहूब केल्यात!" अण्णांनी त्याच्या हातातलं बाशिंग काढून घेतलं आणि त्याला पायरी उतरायला लावली. "खोटी कुणाला म्हंतूस? ह्यांच्या साक्षीनं तुझ्या आईबाचं लगीन लागलंय."

घरात दोन नियम होते. बाशिंगवाल्याच्या लेकीनं कुणाचंही बाशिंग आपल्या कपाळाला लावून बघायचं नाही. आणि तिचं स्वतःचं बाशिंग तिच्या बापानंच करायचं, तिच्या नावानं राखलेल्या भेंडाचं. माझी जुडी आढ्याला टांगलेली होती, धुवट फडक्यात बांधून. मी जन्मले त्या साली अण्णांनी स्वतः तळ्यात उतरून कापलेली. आई गेली, घर दोनदा शाकारलं, पण ती जुडी दर उन्हाळ्यात खाली यायची, तिला ऊन दाखवायचं, आणि ती पुन्हा वर जायची.

श्रीपती आमच्याकडं पहिल्यांदा आला तो थर्माकोलचा ठोकळा घेऊन.

"अण्णा, हे बगा. सोलायला नको, वाळवायला नको."

अण्णांनी ठोकळा उचलला, नाकाशी नेला. "ह्याला वास न्हाई."

"तुमच्या मोगऱ्याला हाय व्हय?"

मला हसू आलं. अण्णांनी बघितलं तेव्हा मी खळ ढवळत होते.

अण्णांनी त्याला हाकलला नाही, आणि धंद्यातही घेतला नाही. मग त्यानं आमच्या शेजारची पडवी घेतली. मोटारीची जुनी बॅटरी आणली आणि एक तार पाकळीच्या आकारात वाकवून लाकडाच्या चौकटीत ताणली. तार तापली की ठोकळा तिच्यातून सरकवायचा. आतून लांब दांडा निघायचा, त्याच्या पातळ चकत्या करायच्या. प्रत्येक चकती म्हणजे एक पाकळी. आम्ही दिवसभरात जेवढी फुलं करायचो तेवढी तो चहा पिता पिता करायचा.

मी बघायला जायचे. अण्णा म्हणायचे, "जा, बगून ये लबाडी." एकदा ओणवं होऊन बघताना माझं कोपर तारेवर पडलं. तार थंड होती म्हणून भाजलं नाही, पण ती टोकाशी मुडपली. त्यानंतरच्या प्रत्येक पाकळीला टोकाजवळ एक खाच पडायला लागली.

"सरळ कर की ती," मी म्हणाले.

"असू दे. खाचंवरनं कळंल."

"काय कळंल?"

"कुणी बिघडवली ते."

पाकळी

चैत्रात, नदीपलीकडच्या माळावर, खंडोबाच्या देवळात आम्ही एकमेकांना हार घातले. गुरव जेवायला घरी गेला होता. देवळात आम्ही, देव आणि दगडी कुत्रा.

खरी फुलं आणायची असं दोघांनी ठरवलं होतं आणि दोघांनीही आणली नव्हती. गावात एकच फुलारीण. दोन हार मागितले असते तर संध्याकाळपर्यंत गावाला कळलं असतं. मी भेंडाच्या मोगऱ्याचा ओवून आणला होता, त्यानं थर्माकोलचा. एकमेकांचे हार बघून आम्ही गाभाऱ्यात इतके हसलो की वटवाघळं उठली.

"हे लगीन झालं का?" मी विचारलं.

"झालं की."

"अशा फुलांनी?"

"तुझा बा काय म्हंतो? ह्यांच्याच साक्षीनं लागत्यात." मग थोडं थांबून, "खऱ्या फुलांचं पुढच्या वैशाखात लावू. तवर मी म्हाताऱ्याला पटवतो."

माझा हार तो घेऊन गेला. त्याचा मी ट्रंकेत ठेवला, लुगड्यांच्या खाली.

श्रावणात नदी चढली. पलीकडच्या गावातल्या मंडळाला मखराची फुलं पोचवायची होती, पूल अजून व्हायचा होता, आणि नावाडी म्हणाला होता नको. श्रीपती म्हणाला, "पाण्याला फुलं जड न्हाईत, मी तर त्याहून हलका." असं नावाड्यानंच नंतर सांगितलं. नावाड्याला बाभळीची फांदी सापडली म्हणून तो सांगायला उरला.

दुसऱ्या दिवसापासून घाटावर फुलं लागायला लागली. गढूळ पाण्यावर पांढरी. कमळं, शेवंत्या. एकही भिजलेलं नाही, एकाचीही पाकळी गळलेली नाही. बायका धुणं थांबवून उचलून बघायच्या. "श्रीपतीची फुलं आली," म्हणायच्या, आणि परत पाण्यात सोडून द्यायच्या, कारण ती घरी न्यावीत असं कुणाला वाटायचं नाही. रोज येत राहिली.

तो नाही आला.

बोलले तर मी त्याची विधवा. विसाव्या वर्षी, बिनलग्नाची विधवा, अशी जातही गावाला माहीत नव्हती. नाही बोलले तर मी त्याची कुणीच नाही. आणि आता त्याचं लग्न रुईच्या फांदीशी लागणार होतं, आणि तिचं बाशिंग करायला हात माझेच.

खळ

दुकानातलं सगळं भेंड पावसानं सादळलं होतं. अण्णांनी एकेक कांडं दाबून बघितलं आणि बाजूला टाकलं. मखराला ते चाललं असतं. मग त्यांनी शिडी लावली आणि आढ्याची जुडी सोडली.

"अण्णा, ती..."

"बाकीचं ओलंय."

"पण ती माझी हाय."

"ठावं हाय मला कुणाची हाय ती."

"मग माझ्या वेळंला?"

"तवाचं तवा."

फडकं सोडलं तर आत भेंड अजून कोरडं होतं. इतक्या वर्षांत जरा पिवळं पडलं असेल असं मला वाटलं होतं. अजिबात नाही.

अण्णांनी नारळाभोवती दोरा गुंडाळला, गाठ मारून खूण केली, त्या मापानं नवऱ्याच्या बाशिंगाचा तळ कापला. डोळ्यांची जागा सोडली नाही, आणि मग परत बघून थोडी सोडली. नारळ सबंध वेळ पाटावर होता. त्याच्याखाली मी चुंबळ ठेवली होती, घरंगळू नये म्हणून.

"रुईचं माप?" मी विचारलं.

"फांदीला कसलं आलंय माप."

तरी त्यांनी दोरा घेतला. हातात धरून नुसते बसले. मी कळ्या वळत होते.

"किती वाकून बसतीस. मान सरळ कर."

मी मान सरळ केली. ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि मग त्यांनी दोरा तोडला.

नवऱ्याच्या बाशिंगाला कमळ. नवरीच्या बाशिंगाला मोगरा, कडेनं शेवंती. कमळ अण्णांनी केलं, मोगरा मी. मोगऱ्याची कळी वळताना पापुद्र्याला श्वास लागला तरी तो उघडतो, म्हणून तोंड बंद ठेवून काम करायचं असतं. त्या दिवशी मला ते सोपं गेलं. एकदाच खळीत पाणी जास्त झालं. अण्णांनी वाटी उचलून अंगणात ओतली आणि चिंचोक्याची नवी खळ शिजायला ठेवली.

गोंडा

बाशिंग न्यायला नवऱ्याच्या घरची माणसं हलगी वाजवत येतात. अनसूयाबाई मागच्या दारानं आल्या, दुसऱ्या दिवशी दुपारी, भावाला घेऊन. श्रीपतीची आई. त्यांना मी लांबून खूपदा बघितलं होतं. जवळून त्यांचं कपाळ अगदी त्याच्यासारखं होतं.

अण्णा शेवटचा गोंडा बांधत होते. दोरा दातात.

अनसूयाबाईंनी बाशिंगाला हात लावला नाही. नुसतं वाकून बघितलं. "मोगरा हाय व्हय हा?"

"व्हय."

"कुणी केला?"

अण्णांनी दोरा दातात धरूनच माझ्याकडं मान केली.

"त्याला लई नाद मोगऱ्याचा. चैतापासनं उशाखाली एक हार घिऊन निजायचा. म्या म्हणलं, येड्या, सुकंल की. म्हणला, ह्यो न्हाई सुकत." त्या माझ्याकडं वळल्या. "पोरी, तू पडवीत असायचीस की त्याच्या."

"कवातरी, काकू."

"खरं सांगशील? कुणी हुती का त्याच्या मनात?"

"आक्का," मामा म्हणाले, "आता हे काढून..."

"तू गप रे. बाईमानसाशी बोलतीया मी." त्या खाली बसल्या, माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. "भाकरी खाताना एकटाच हसायचा. इचारलं की म्हणायचा, वैशाख येऊ दे. कुठला वैशाख, काय वैशाख, मला काय सांगितलं न्हाई. कुणी असंल तर मला तिच्याकडनं काय नको. बांगड्या फोड म्हणनार न्हाई. गावात तोंडातनं काढनार न्हाई, देवाशप्पत. निस्तं नाव सांग. भटजी रुई म्हणू दे, मी मनात तिचं नाव धरून अक्षता टाकीन. झाडासंगट जायचं पोरगं, माणसासंगट जाईल."

"काकू," मी म्हणाले.

"कुणी न्हवतं," अण्णा म्हणाले.

दोरा तोंडातून काढून म्हणाले. स्पष्ट.

"माझी पोरगी दिसभर माझ्या डोळ्यांम्होरं असती, वैनी. तिला ठावं असतं तर मला असतं. कुणी न्हवतं."

अनसूयाबाई अजून माझ्याकडंच बघत होत्या. "न्हवतं का गं?"

मी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांना विचारायला हवं होतं. त्या उठल्या.

मामांनी दोन्ही बाशिंगं सुपात घेतली, वर ओलं होऊ नये म्हणून मेणकापड टाकलं. नारळ त्यांनी परत छातीशी धरला. दारातून म्हणाले, "त्ये तारंचं यंत्र मिरजंच्या यापाऱ्याला दिऊन टाकलं, अण्णा. घरात ठेवलं तर आक्का नुसती बगत बसती त्याच्याकडं. तुमाला पायजे हुतं का?"

"मला काय करायचंय," अण्णा म्हणाले.

बेगड

"तुमी माझ्या तोंडातलं काढून घेतलंत."

"तोंडात काय हुतं?"

"तुमाला ठावं हाय."

"हाय."

"कसं?"

"कौलं गळाली तवा तुझी ट्रंक सरकवली म्या. झाकण उघडलं."

"तवापासनं?"

"तवापासनं."

"आन् कायच बोलला न्हाईत?"

"बोलनार हुतो. त्याला बोलावून. पुराच्या आदल्या दिशी हाकबी मारली पडवीत. तो न्हवता."

"मग आमचं लगीन झालंय, अण्णा. मी जाते. काकूंना सांगते."

"झालेलं न्हाई."

"खंडोबाच्या म्होरं..."

"खोट्या फुलांनी लगीन लागत न्हाई."

"काय म्हणलात?"

"खोट्या फुलांनी लगीन लागत न्हाई, बकुळा."

"अण्णा."

"त्ये पोरखेळ हुता. तू कुवार हायेस. उद्या तुला चांगलं घर मिळंल."

"मग ह्या गावातली सगळी लग्नं? तुमी बांधलेली बाशिंगं? तुमचं न् आईचं?"

अण्णांनी बेगडाचा कागद पुढं ओढला.

"त्या माणसाला पायरी उतरवलंत तुमी. एवढ्या शब्दावरनं."

"बेगडाची कात्री कुठं ठेवलीस ती बग."

बांधणी

घाटावर बायका वरच्या पायऱ्यांशी थांबतात. मीही थांबले. पदराखाली हार होता. तो घेऊन काय करायचं हे घरून निघताना पक्कं होतं: सगळ्यांपुढं चालत जायचं आणि त्याच्यावर ठेवायचा. मग ज्याला जे समजायचं ते समजू दे. अण्णा माझ्या मागून आले आणि बायकांत येऊन उभे राहिले, माझ्या शेजारी. पुरुषांकडं गेले नाहीत.

खाली त्याला निजवला होता. पळसाची पानं दर्भानं बांधून हात केले होते, पाय केले होते, वर नवं धोतर. पानांची बोटं नव्हती. नारळाला डोळ्यांच्या जागी कवड्या लावल्या होत्या. बाशिंग त्याच्या कपाळाला असं बसलं होतं की जणू तिथंच उगवलं असावं. अण्णांचं माप.

रुई पितळेच्या कळशीत उभी केली होती. जांभळट फुलांची एकच फांदी, तुटल्या जागी चीक ठिबकत होता.

मामांनी नवरीचं बाशिंग घेतलं आणि फांदीला बांधलं. ते घसरून कळशीच्या काठापर्यंत आलं. परत वर केलं, परत घसरलं.

"मोठं झालं की ओ."

"दोरी दोनदा गुंडाळा."

"दोनदा गुंडाळलीया."

"अण्णांचं माप कवा चुकत न्हाई," कुणीतरी म्हणालं. "आज चुकलं."

"म्हातारं झालं आता."

शेवटी मामांनी फांदीमागं पळसाच्या पानांची घडी घातली तेव्हा ते राहिलं.

मी अण्णांकडं बघितलं. ते नदीकडं बघत होते. मी हात वर नेला आणि कपाळावर बोटं पसरली, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. बाशिंग तेवढंच होतं. मग हात खाली घेतला.

मग मी पुढं गेले नाही.

अंतरपाट धरला. हलगी नाही, सनई नाही. भटजींनी मंगलाष्टक हलक्या आवाजात म्हटलं, घाईनं, जसं शेजारी कुणी निजलेलं असावं. अनसूयाबाई रुईकडं बघत होत्या आणि ओठ हलवत होत्या. नाव नसलेल्या कुणाला तरी बोलवत असाव्यात.

"सावधान."

अण्णांनी मूठ उघडली. तांदूळ त्यांनी घरून आणले असणार. घाटावर कुणी वाटले नव्हते. काही दाणे पुढं पायऱ्यांवर पडले. काही माझ्या डोक्यावर पडले, भांगात, खांद्यावर. वारा होता थोडा.

मी ते झटकले नाहीत.

मग अग्नी. भेंड पेटतं तेव्हा आवाज करत नाही. दोन्ही बाशिंगं सगळ्यांच्या आधी गेली, एकदम, पांढऱ्याची पिवळी आणि मग नाहीशी. मोगरा क्षणभर काळा मोगरा होता. त्यानंतर कितीतरी वेळानं नारळ फुटल्याचा आवाज आला आणि अनसूयाबाई खाली बसल्या.

लोक त्यांच्याभोवती जमले तेव्हा मी बाजूनं पाण्याशी उतरले. हार सोडला. तो बुडावा असं मला वाटत होतं. तो बुडणाऱ्यातला नव्हता. भोवऱ्यात एकदा फिरला, दोरा सुटला आणि फुलं एकेक होऊन घाटाला लागून निघाली.

"बगा, बगा," वरून कुणी ओरडलं, "श्रीपतीची फुलं अजून येत्यात!"

"वरच्या अंगाला अडकली असतील कुठं."

"न्हाई ओ. पोचल्याची खूण दिली त्यानं."

अनसूयाबाईंनी बसल्या जागेवरून फुलांना हात जोडले. अण्णा म्हणाले, "चला." आम्ही घरी आलो आणि मखराचं काम पुढं सुरू केलं.

उरलं ते

माझ्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक बाशिंग टांगलेलं आहे. सुना विचारतात, काढून टाकू का, धूळ किती बसते. मी म्हणते, पुसा. पुसलं की नव्यासारखं होतं. ते थर्माकोलचं आहे, सुकायचं नाही, कुजायचं नाही.

माझं लग्न इचलकरंजीत जमलं. माणूस चांगला होता, मागावर काम करायचा, कमी बोलायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी अण्णा सकाळच्या गाडीनं मिरजेला गेले. सबंध दिवस गेले होते. दिवेलागणीला पुठ्ठ्याचं खोकं घेऊन परत आले. एका बाशिंगाला एवढा वेळ?

"सगळी दुकानं हिंडलो," एवढंच म्हणाले.

मांडवात खोकं उघडल्यावर माझी चुलत सासू बघतच राहिली. "आँ! बाशिंगवाल्याची लेक आन् बाशिंग बाजारातलं? कुंभाराच्या घरी फुटकं मडकं म्हणत्यात, त्यातली गत झाली की, ईहीणबाई नसल्या म्हणून काय झालं!"

बायका हसल्या.

"भेंड संपलं," अण्णा म्हणाले.

"अख्ख्या तळ्यातलं?"

"तिच्या वाटणीचं."

ते बाशिंग घेऊन माझ्यासमोर आले. जवळ आल्यावर मी वर बघितलं तर पाकळ्या डोळ्यांच्या अगदी पुढं होत्या. मी बोट लावलं. टोकाशी खाच. शेजारच्या पाकळीला खाच. त्या पलीकडच्या. सगळ्यांना.

"अण्णा, हे..."

बाहेर हलगी सुरू झाली होती. अण्णांनी बाशिंग माझ्या कपाळावर टेकवलं, दोरी मागं नेली. गाठ पहिल्याच फेऱ्यात बसली.

"मान सरळ कर," ते म्हणाले.